खळ्याच्या कडेला थांबलेले बूट

नोकरीत दरोडे पाहिले, खून पाहिले, पण एका बुटांच्या जोडीचा तपास जितका लख्ख आठवतो तितकं दुसरं काही आठवत नाही. आणि आठवला की अजून हसू येतं, त्यातलं निम्मं माझं मलाच.

हैदराबाद संस्थान भारतात येऊन जेमतेम दोन वर्षं झाली होती. मी नवा अमीन होतो, म्हणजे आजचा फौजदार. फरारी हत्यारबंद माणसांची धास्ती गावांच्या मनातून अजून गेली नव्हती. अशात एके सकाळी मंठाळकडच्या एका गावचा पोलीस पाटील ठाण्यात आला. आठ दिवस झाले, शेतांकडे जाणाऱ्या गाडीवाटेवर रोज पहाटे खिळे मारलेल्या बुटांचे ठसे उमटतात, म्हणाला. गावात बूट घालणारं कुणी नाही. बायका काढणीला जायला घाबरतात, निम्मी ज्वारी तशीच उभी आहे. संशय कुणावर, तेही तो ठरवूनच आला होता. निजामाच्या फौजेतून घरी पाठवलेला एक शिपाई गावाच्या कडेला बायकोसह राहत होता आणि लोकांच्या शेतांची राखण करून पोट भरत होता.

शिपायाला आणलं. झडतीत बूट मिळाले नाहीत, पण बुटाच्या तळाला ठोकतात त्या चपट्या डोक्याच्या खिळ्यांची पुडी मिळाली. मी दरडावलं, गोड बोललो, पुन्हा दरडावलं. तो पाय जुळवून उभा होता तसाच राहिला.

"खिळे माजे हाईत, सायेब. बूट माजे न्हाईत. कुनाचे ते सांगनार न्हाई, शबूद दिलाय."

झालं. याने कुणाला तरी लपवलंय, असं मी मनाशी पक्कं केलं. वरचा हुकूम होता की अशा संशयिताला दुसऱ्या दिवशी जिल्ह्याला रवाना करायचं. एकदा तिकडे गेला असता तर गावाने त्याला पुन्हा वेशीत घेतलं नसतं. त्याची बायको ठाण्याच्या पायरीवर बसून होती. हे तिलाही कळत होतं.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता मी ठसे पाहायला गेलो. खरं तर हे काम पहिल्याच दिवशी करायचं, पण नव्या अमिनाला खुर्ची फार प्यारी असते. ठसे लपतछपत गेलेले नव्हते, वाटेच्या मधून सरळ गेले होते. पावलांतलं अंतर कमी होतं. एका जागी तर ते गोल गोल फिरले होते, जणू घालणारा आपलेच पाय न्याहाळत हिंडला होता. मग एका खळ्याच्या कडेला बूट थांबले आणि पुढे अनवाणी पावलं सुरू झाली.

मी तिथंच थबकलो. आमच्याकडे खळ्यावर पायताण घालून कुणी जात नाही, धान्य म्हणजे लक्ष्मी. जिवाच्या भीतीने पळणारा फरारी कशाला बूट काढायला थांबतोय? हा शेतकरीच. आणि पाऊल लहान होतं, बोटं पसरलेली. खळं होतं खुद्द पाटलाचं. काखेत कळसा अन् गावाला वळसा!

खळ्यावर पाटलाची आई ज्वारी पाखडत होती. सगळा गाव तिला अक्का म्हणायचा. नवरा गेल्यापासून शेती तिनेच ओढली होती. मी माझे बूट कडेला काढले, जवळ जाऊन बसलो आणि एवढंच सांगितलं की बूट कुणाचे हे सांगत नाही म्हणून आज शिपाई जिल्ह्याला जातोय. तिचं सूप थांबलं. धरलेला माणूस शिपाई आहे हे तिला ठाऊकच नव्हतं; लेकाने घरी फक्त 'फरारी धरला' एवढंच सांगितलं होतं.

ती उठली आणि कडब्याच्या गंजीतून जोडी ओढून काढली. जाड चामडं, करडईचं तेल चोळून चोळून मऊ केलेलं. डोळे दाखवायला हैदराबादला गेली होती, तिथल्या दुकानात बूट घेतले. लेकासाठी म्हणून मागितले आणि माप दिलं आपल्याच पावलाचं, घरून दोऱ्याने घेऊन गेलेलं. खिळे शिपायाने ठोकून दिले, नाड्या बांधायलाही त्यानेच शिकवलं.

"चाळीस वर्सं पायातले काटे काढायले, अमीनसायेब. म्हनलं, एकदा आपल्यासाटी चांगलं घ्यावं. पर लेक पाटील हाय, त्याला लोक हसतील म्हनून पहाटंचं घालायले."

नाड्या आवळून ती निघाली. मी मागे.

ठाण्याची वाट चावडीवरून जायची. चावडीसमोरून बायका वहाणा हातात घेऊन जात. अक्का टकटक वाजवत आली. पाटील आणि चार म्हातारे बसले होते. एक म्हातारा म्हणाला, अक्का, पायातलं काढा की. ती थांबली.

"खळ्यावर काढते मी. तितं लक्षुमी असतीया. हितं कोन हाय?" मग लेकाकडे वळून म्हणाली, "तुजा फरारी मी हाय. त्या मानसाला सोडायला सांग."

तोच म्हातारा खो-खो हसत सुटला आणि त्याच्यामागे सगळी चावडी. पाटलाचं तोंड लाल झालं होतं. तो उठला, आईच्या पायांशी वाकून बूट निरखून पाहिले आणि हळूच विचारलं, "अव्वा, चावायले न्हाईत नव्हं?"

मला इतका आनंद झाला की अमीनपण विसरून मीही हसलो. ठाण्यात शिपायाने अक्काला असा कडक सलाम ठोकला की तसा त्याने मला कधी ठोकला नव्हता. पाटलाने त्याची माफी मागितली, चारचौघांत. मी रोजनाम्यात लिहिलं: बुटांचे मालक हजर, तक्रार नाही.

चोरून केलेलं सगळं पाप नसतं. कधी कधी माणसाला आपल्या सुखाचीच लाज वाटते आणि ते झाकायला तो चोरासारखा वागतो. ही गोष्ट पोलिसाला ट्रेनिंगमध्ये कुणी सांगत नाही, मला अक्काने सांगितली.

पुढच्या सुगीत त्या गावात गेलो तर शिपाई चावडीच्या पायरीवर बसून खिळे ठोकत होता. समोर तीन-चार बायका होत्या. पाटलाची बायको नवी जोडी छातीशी धरून आपली पाळी यायची वाट पाहत होती.