सात मिनिटांची वाट

सोफीबाईंनी पहिल्याच भेटीत मला गाढव म्हटलं. लंडनच्या पूर्व टोकाला, आमच्या एस्टेटीच्या, म्हणजे कौन्सिलच्या घरांच्या वसाहतीच्या, मागे रेल्वेचा एक जुना मालधक्का होता. तीसेक वर्षं बंद पडलेला. रूळ उचलून नेलेले, काटेरी झुडपं माजलेली, चार-दोन गंजक्या शेड आणि मधून गेलेली एक पायवाट. पुण्याहून येऊन मला महिनाच झाला होता. मोबाइलवर बायकोशी मराठीत बोलत मी त्या वाटेच्या तोंडाशी आलो, केबिनमध्ये बसलेला म्हातारा गार्ड दिसला म्हणून फोन बंद केला आणि आत जाऊ का असं त्याला विचारणार, तोच मागून आवाज आला, "अरे गाढवा, त्याला काय विचारतोस? चाल!"

मी दचकून वळलो. करडा ओव्हरकोट, पांढरे कापलेले केस, सत्तरीची बाई आणि हातात स्टीलचा डबा. गार्डने नुसता हात हलवला. बाई ताडताड पुढे, मी मागे. "परवानगी मागितलीस की संपलास बघ," त्या म्हणाल्या. मला वाटलं, म्हातारी जरा तिरसट दिसते. पुढे दोन वर्षं मी तेच समजत राहिलो.

सोफीबाई बेने इस्राएल, म्हणजे आपल्या कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यू. मूळ अलिबागेकडचं, वाढल्या माझगावात, लग्नानंतर नवऱ्याबरोबर लंडनला आल्या आणि इथल्या एका कौन्सिलच्या, म्हणजे नगरपालिकेच्या, नकाशाखात्यात पस्तीस वर्षं नकाशे काढून निवृत्त झाल्या. नवरा, रूबेनकाका, धक्क्यापलीकडच्या वृद्धाश्रमात होते. त्यांची स्मृती गेली होती आणि जाताना इंग्रजीही घेऊन गेली होती. पन्नास वर्षं इंग्रजीत नोकरी केलेला माणूस आता फक्त मराठी बोलायचा, आणि सोफीबाईंच्या हातचा माशाचा रस्सा आणि भात सोडून कशाला तोंड लावायचा नाही. म्हणून रोज साडेअकराला डबा घेऊन त्या वाटेने निघायच्या. सात मिनिटांत पलीकडे. दवाखाना तिकडे, बाजार तिकडे, सगळी एस्टेट त्याच वाटेने जायची.

मग एक दिवस एका बांधकाम कंपनीने धक्का विकत घेतला आणि त्याचा 'विकास' निघाला. कम्युनिटी हॉलमध्ये प्रदर्शन भरलं. टेबलावर पांढऱ्या प्लॅस्टिकचे टॉवर, हिरव्या स्पंजची झाडं आणि बोटाच्या पेराएवढी माणसं, सगळी सडसडीत, एकाच्याही हातात काठी नाही. भिंतीवरच्या जुन्या नकाशात आमचा धक्का कोरा पांढरा. आवडलं तिथे हिरवा ठिपका चिकटवा, नाही आवडलं तिथे लाल, असं सांगून टाय लावलेला एक तरुण नियोजक सगळ्यांना त्या ठिपक्यांचे कागद वाटत होता.

"वाट कुठंय?" सोफीबाईंनी त्याला इंग्रजीत विचारलं.

"मॅडम, सध्या ती जागा रिकामीच आहे," तो हसून म्हणाला.

सोफीबाईंनी त्याच्या हातातला लाल ठिपक्यांचा अख्खा गठ्ठा घेतला आणि त्या प्लॅस्टिकच्या नगरावर एक-एक ठिपका लावत सुटल्या. टॉवरच्या छतावरून, तळ्यातून, स्पंजच्या झाडांवरून, या टोकापासून त्या टोकापर्यंत. पाच मिनिटांत आमची वाट तिथे उमटली. मग माझ्याकडे वळून मराठीत म्हणाल्या, "पस्तीस वर्षं नकाशे काढलेत मी. नकाशात पांढरं सोडलं म्हणजे जमीन रिकामी नसते. तिथे कोणी चालून बघितलेलं नसतं, एवढंच." त्या पोराचा चेहरा बघून मला हसू आलं होतं. आज त्या पोराचा राग येतो. त्याने ते ठिपके संध्याकाळी नखाने खरवडून काढले असणार.

या देशात एक चांगला कायदा आहे. लोक एखाद्या वाटेने सलग वीस वर्षं उघडपणे चालले, तर ती वाट त्यांची होते, जमीन कोणाचीही असो. सोफीबाईंना तो तोंडपाठ. त्यांनी कौन्सिलकडून फॉर्म मागवले आणि एस्टेटीत दारोदार फिरून भरून घ्यायला सुरुवात केली. अर्धं काम झालं आणि त्या कंबरेच्या हाडाच्या ऑपरेशनसाठी हॉस्पिटलात गेल्या. उरलेले अकरा फॉर्म माझ्या हातात आले. "पोस्टात टाकायच्या आधी मला आणून दाखव," त्यांनी बजावलं होतं.

मी दाखवले नाहीत. आजारी बाईला कशाला त्रास, असं मी स्वतःला सांगितलं. खरं कारण, मला शाबासकी हवी होती.

फॉर्मवर एक प्रश्न होता, ही वाट वापरायला तुम्हाला कोणी परवानगी दिली होती का? पहिल्याच घरात शांताबेन होत्या, एस्टेटीतल्या सर्वांत जुन्या. त्यांनी हात जोडले. "लिखो बेटा, पूछकर ही जाते थे. हम चोर थोडे ही हैं?" मला पटलं. मी स्वतः तेव्हा व्हिसा वाढवायला कागदांची चळत घेऊन क्रॉयडनच्या रांगेत उभा राहून आलो होतो. या देशात आपण विचारल्याशिवाय श्वासही घेतला नाही असं कागदावर दिसलेलं बरं, हे माझ्या हाडीमाशी मुरलं होतं. मग दुसऱ्या घरात मीच सुचवलं. तिसऱ्या घरी विचारलंसुद्धा नाही. अकराच्या अकरा फॉर्मवर सुवाच्य अक्षरात लिहिलं की गार्डच्या परवानगीने आम्ही जात असू. तो बिचारा गार्ड, तीस वर्षांत त्याने कोणाला परवानगी दिली नव्हती आणि अडवलंही नव्हतं. तो नुसता हात हलवायचा.

सुनावणीला सोफीबाई काठी टेकत आल्या. कंपनीच्या वकिलाने त्यांच्या फॉर्मांना हातही लावला नाही. त्याने माझे अकरा उचलले आणि एक-एक करून मोठ्याने वाचले. परवानगीने चालणाऱ्याचा हक्क तयार होत नाही, परवानगी देणारा ती केव्हाही काढून घेऊ शकतो, असं तो गोड आवाजात म्हणाला. ज्याला मी दोन वर्षं तिरसटपणा समजत होतो, तो कायदा होता. सोफीबाई समोर बघत बसल्या होत्या. दहाव्या फॉर्मनंतर त्यांनी हळूच विचारलं, "अक्षर तुझंच ना?" मी मान हलवली.

निकाल कंपनीच्या बाजूने लागला. पंधरा दिवसांत दोन्ही टोकांना आठ फुटी पत्रे उभे राहिले. त्यांवर कारंज्यापाशी हसणाऱ्या कुटुंबाचं चित्र.

आता पलीकडे जायला दोन बस आणि मधे चढावर चालणं. नव्या कंबरेने सोफीबाईंना सव्वा तास लागायचा. मी सोबत यायला तयार होतो, पण "तू नको," म्हणाल्या, आणि मी घरी थांबलो. थंडीत त्यांचं जाणं आठवड्यातून तीनदा झालं, मग दोनदा. त्या न गेलेल्या दिवशी रूबेनकाका ताट सरकवायचे आणि दाराकडे बघत मराठीत काहीतरी विचारायचे. काय विचारायचे ते तिथे कोणाला कळणार? फेब्रुवारीत ते गेले. बुधवार होता, आणि रस्त्यावर बर्फ म्हणून सोफीबाई घरी होत्या.

त्यांची मुलगी त्यांना मँचेस्टरला घेऊन गेली. निघायच्या दिवशी सामान खाली उतरवताना मी धीर करून माफी मागितली. "नाही करणार," त्या म्हणाल्या. "तुला बरं वाटावं म्हणून मी खोटं बोलू? तू वाईट नाहीस रे मिलिंद. पण तू भित्रा आहेस, आणि भित्र्या माणसांनी माझं जेवढं नुकसान केलं तेवढं वाईट माणसांनी नाही केलं." टॅक्सीचं दार त्यांनी स्वतःच ओढून घेतलं.

त्यानंतरच्या वर्षी बँका कोसळल्या, कंपनी बुडाली. टॉवर नाही, कारंजं नाही, एक वीटसुद्धा नाही. धक्क्यावर गवत, आणि दोन्ही टोकांना पत्रे तसेच. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्यासाठी एका म्हाताऱ्याचं जेवण तोडलं, ते काहीच नव्हतं! मी सोफीबाईंना फोन करून सांगितलं. त्या म्हणाल्या, "पत्रे काढायला लिही कौन्सिलला. आणि या वेळी पाठवायच्या आधी मला वाचून दाखव."

मी दोन पानी पत्र लिहिलं. रहिवाशांची गैरसोय, दळणवळण, हरित पट्टा, सगळं मुद्देसूद. फोनवर वाचून दाखवलं. त्यांचा श्वास तेव्हा जड झाला होता, मधेमधे खोकला यायचा.

"ह्यात रूबेन कुठंय?" त्यांनी विचारलं.

"काय, मावशी?"

"माझा नवरा. तो कुठंय ह्या पत्रात?"

तो कुठेच नव्हता. दोन पानांत मी त्याला जागाच ठेवली नव्हती. मी काही बोलायच्या आत त्यांनी फोन ठेवला, आणि तीन आठवड्यांनी त्यांच्या मुलीचा फोन आला, आई गेली म्हणून.

ते पत्र मी फाडलं. नवं पत्र चार ओळींचं आहे. पहिल्या ओळीत लिहिलंय की रूबेन नावाचा एक माणूस बायकोच्या घरापासून सात मिनिटांवर तिची वाट बघत उपाशी बसायचा आणि तसाच मेला. दुसऱ्या ओळीत लिहिलंय की ती येऊ शकली नाही, कारण तुम्ही पत्रे लावू दिले आणि मी तुम्हाला मदत केली. उरलेल्या दोन ओळींत पत्रे काढा, एवढंच. खाली माझी सही आहे. कौन्सिलने उत्तर दिलेलं नाही. दर महिन्याच्या एक तारखेला मी तेच पत्र पुन्हा पाठवतो.