नंदीच्या कपाळावरचा डाग
ओल्या सिमेंटचा वास आला की माझ्या तळहातांना अजून घाम फुटतो. गेवराईत आमचं कपबश्यांचं दुकान होतं आणि रस्त्यातल्या खड्ड्यांमुळे प्रत्येक खोक्यात थोडा फुटका माल निघायचाच. गावात केबल नुकतीच आली होती, त्या उन्हाळ्यात मी ते तुकडे सिमेंटात बसवून अंगणात नंदी करायला घेतला. सासऱ्यांची एकच अट होती, देवाला उष्टं काही लागता कामा नये. पण कपाळाला पांढरे तुकडे पुरेनात, आणि दोन दिवसांनी आमचे गुरू जंगम स्वामी पूजेला नि जेवायला येणार होते. शेवटी मी स्टँडवरच्या हॉटेलामागचे फुटके कप पदरात बांधून आणले, तीनतीनदा धुऊन बसवले. एकावर चहाचा डाग राहिलाच. स्वामी आले, वाकले आणि नंदीच्या कपाळावरून सावकाश बोट फिरवू लागले. बोट नेमकं त्या डागावर थांबलं. आता हे न जेवताच उठणार, असं मला वाटलं. "समदा दुकानातलाच माल हाय ना?" सासऱ्यांनी मला विचारलं. बोट तिथून न उचलता स्वामीच म्हणाले, "नवाच हाय की. वाढा आता, लई भूक लागलीय." आज ते दोघंही नाहीत. दर सोमवारी मी नंदी धुते, पण त्या तुकड्यावर हात हलकाच फिरवते. डाग निघून जाईल अशी धास्ती वाटते.