साडूचे बारा खांब

माझ्या साडूइतका हट्टी माणूस पिंपरीपासून चाकणपर्यंतच्या एकाही कंपनीत भरती झाला नसेल. माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. मी चौथी शिकलेला, वाढवून सांगायची कला मला येत नाही. कंपनीची बस दारात उभी असताना हा माणूस तिच्या पुढं पळत कामाला जायचा आणि गेटवर बसमधल्यांना विचारायचा, "उशीर केला राव?" कंपनीच्या शर्यतीत तीन वर्षं पहिला. बक्षिसाचे तिन्ही स्टीलचे डबे त्यानं बायकोला वापरू दिले नाहीत. डाळ पिशवीत आणि डबे फळीवर.

असा माणूस पाय कसा मोडून घेतो? ओट्यावर उभा राहून पानाची पिचकारी टाकताना घसरून. कंपनीत मात्र त्यानं "सराव करताना मोडला" असं सांगितलं. प्लास्टर काढल्यावर डॉक्टर म्हणाले, चाला भरपूर, पळणं विसरा. साडूनं मान हलवली आणि घरी येऊन म्हणाला, "यंदा पळलो न्हाई तर मी नुसता फिटर राहिलो." हसू नका. तीन दिवस तो धड जेवला नव्हता.

मग सुरू झालं. मोडक्या पायाला तो 'पाव्हणा' म्हणायचा. पाव्हण्याला रोज हळद आणि तेल, चांगल्या पायाला काही नाही, त्याला म्हणायचा, "तू घरचा हायस." कॅनव्हासचे बूट घेतले, ते झिजू नयेत म्हणून हातात धरून पळायचा. पिंपळे सौदागरला तेव्हा आमच्या शेजारी-शेजारी खोल्या होत्या, चहूकडं शेतं आणि नदीकडं जाणाऱ्या रस्त्याला विजेचे खांब. साडूची नजर पावलांवर, म्हणून खांब मोजायला मी, मागं सायकलवर. पहिल्या दिवशी एक खांबही पुरा झाला नाही. दोन महिन्यांत सहा झाले. सातवा काही केल्या होईना. सहाव्यापाशी चिंच होती, तिच्याखाली तो मटकन बसायचा आणि पाव्हण्याला शिव्या घालायचा.

मध्ये तो आठवडाभर जुन्नरला लग्नाला गेला. तेवढ्यात वीजवाल्यांनी प्रत्येक जुन्या खांबाच्या अलीकडं, मधल्या जागेत, एकेक नवा खांब रोवला. तो आल्यावर मी नेहमीसारखा मोठ्यानं मोजत निघालो आणि चिंचेपाशी आलो तर बारा.

"किती?"

"बारा."

तीच चिंच, तोच रस्ता. साडूला फक्त बारा दिसले. त्यानं पाव्हण्याला हात जोडले, माझ्या पाठीत गुद्दा घातला आणि घरापर्यंत गाणं म्हणत आला.

मला पोटात ठेवता येत नाही. चहा झाला की सांगणार होतो. बायकोनं मला चुलीपाशी ओढलं.

"तुमी काई बोलायचं न्हाई."

"अगं, पण खांब..."

"मला काय डोळे न्हाईत? किती दिसांनी माणूस हसलाय. तोंड उघडलंत तर आज भाकर न्हाई."

मी भाकर खाल्ली. दुसऱ्या दिवशी साडू चिंचेपाशी बसलाच नाही. "बारा झाले, मग चौदाला काय जातंय," म्हणत पुढं गेला. महिन्याभरात नदीवर पोचला.

शर्यतीत तो शेवटून तिसरा आला. गेटवर धापा टाकत म्हणाला, "पुढच्यांना घाई होती राव." माझ्या बायकोनं तो पहिला आल्यासारखा भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि माझ्याकडं असं बघितलं, की मी दुसरीकडं बघितलं.

ती गेल्या वर्षी गेली. मी दार लावून बसलो. कुणी आलं तर उठायचो नाही. एका सकाळी साडू आला. आता त्याचं पोट सुटलंय आणि पाव्हणा थंडीत कुरकुरतो. दार वाजवत म्हणाला, "साडूभाऊ, चला. एक खांब."

"गुडघे दुखतात."

"त्यांनाबी घ्या संगं."

तेव्हापासून रोज येतो. मी नजर खाली घालून चालतो, मोजतो तो. कालपर्यंत आमची गाडी आठापुढं गेली नव्हती. आज थांबलो तर तो मोठ्यानं म्हणाला, "बारा झाले, साडूभाऊ. बारा!"

मी मनात मोजले होते. नऊच होते.

तोंड उघडणार होतो. भाकर बंद करणारं घरात आता कुणी नाही. तरी गप्प राहिलो.