चपलांची तोंडं रस्त्याकडे

बाई पासष्टीच्या होत्या, तरी रोज सकाळी दारात गुडघे टेकून विद्यार्थ्यांच्या चपला वळवायच्या. टाचा आत, तोंडं रस्त्याकडे. सदाशिव पेठेत तळमजल्यावर आमची संस्था, बाईच ती चालवायच्या. जपानी शिकवायचं, तिकडच्या पाहुण्यांना आपल्या घरांत राहायला द्यायचं, आपली मुलं तिकडे पाठवायची, असं तिथलं काम. मुलं बाईंना सेन्सेई म्हणत, म्हणजे गुरुजी. मी बाईच म्हणायचो. या वयात जीभ वळत नाही, आणि वळवावी असं मला वाटलंही नाही.

खडकीच्या कारखान्यातून रिटायर झाल्यावर मी तिथे शिपाई म्हणून लागलो. शाळा चौथीपर्यंत, तीही पुरी नाही. पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "झाडीन, चहा करीन, टपाल नेईन. दुसऱ्याच्या चपलेला हात लावणार नाही. माझ्या आजाला गावात पायातली चप्पल हातात घेऊन चालावं लागायचं. आमच्या घराने धम्म घेतला तेव्हाच ते सगळं संपलं."

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "बरं, वाघमारे. ते काम माझं." सहा वर्षं विषय पुन्हा काढला नाही.

इंटर्नशिपला येणाऱ्या पोरांना मात्र सूट नव्हती. पहिला आठवडा चपला, मग फाइली. एक वडील तावातावाने आले. "आमच्या मुलाने जपानीच्या तीन परीक्षा दिल्यात. तो चपला लावायला आलेला नाही."

"मग त्याला घरी ठेवा," बाई म्हणाल्या. "तिथे लावायला आपण आहातच."

त्यांचं म्हणणं एकच असायचं, आलेल्याचं जाणं सोपं करावं. मला काही ते पटायचं नाही. चपलेचं तोंड फिरवून कोणाचं काय सोपं होतं?

मग आमच्या गल्लीतली सुजाता तिथे इंटर्न म्हणून लागली. हुशार पोरगी. तीन महिने टिकली की पगारी नोकरी होती, आणि तिच्या घरात तोवर कोणी ऑफिसात बसलेलं नव्हतं. मीच तिला बजावलं, "चपलांना हात लावायचा नाही. स्पष्ट सांग." तिने सांगितलं.

बाई म्हणाल्या, "वाघमाऱ्यांनी मला कारण दिलं होतं. तूही दे. तुझं दे, त्यांचं नको. शनिवारपर्यंत वेळ आहे."

पोरगी आठवडाभर कारण शोधत राहिली. मी म्हटलं, ठाम राहा, नोकऱ्या काय ढिगाने मिळतील. म्हणालो खरं, पण मंडईतून भाजी आणताना माझं चित्त जाग्यावर नव्हतं. नोकरी तिची जाणार होती, हट्ट माझा होता.

शनिवारी सकाळी पाहतो तर सुजाता दारात बसून एकेक जोड वळवत होती. मी खवळलो. "आपण काय सोसलंय, कळतं का तुला?"

"कळतं, काका," ती मान वर न करता म्हणाली. "तुमच्या चपला कोण वळवतं, ते तुम्हाला कळतं का?"

माझ्या चपला दारामागे, झाडूशेजारी असायच्या. संध्याकाळी निघताना पाय सरळ आत जायचे. मला वाटायचं, मीच तशा काढतो. सोमवारी मी त्या मुद्दाम भिंतीकडे तोंड करून ठेवल्या. चहाच्या वेळी, बाई दारातून आत आल्यावर, जाऊन पाहिलं. तोंडं रस्त्याकडे.

सहा वर्षं. सदाशिव पेठेतली बाई, माझ्या चपला, आणि एका शब्दाने बोलली नाही. मी चहा घेऊन आत गेलो.

सुजाताची नोकरी पक्की झाली. पुढच्या वर्षी बाईंचे दोन्ही गुडघे गेले, आणि त्यांची मुलगी त्यांना बंगळुरूला घेऊन जायला आली. शेवटच्या दिवशी आत भाषणं चालली होती. मी दारात गेलो, खाली बसलो. हात पुढे करायला वेळ लागला. काळ्या पट्ट्यांच्या, डाव्या टाचेला झिजलेल्या चपला होत्या. वळवून ठेवल्या आणि बाजूला उभा राहिलो.

बाई काठी टेकत आल्या. खाली पाहिलं, मग माझ्याकडे.

"वाघमारे, डावी उजवीकडे ठेवलीत."

"पहिलीच वेळ आहे, बाई."

मी परत वाकलो आणि नीट लावल्या. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, एकेक पाय आत सरकवला, आणि मागे न वळता थेट रस्त्यावर उतरल्या.