होडीतला फोल्डर

कर्वेनगरच्या दिगंबररावांनी पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षं नकाशे काढले. त्यामुळे त्यांना कागदावरचं नाव दिसत नसे, फक्त जागा दिसे. निवृत्तीनंतर त्यांनी कॉम्प्युटर घेतला आणि पडद्यावर पानशेतच्या पाण्याचा फोटो लावला. मग त्यावर एकेचाळीस फोल्डर मांडले. विजेची बिलं काठावरच्या खडकावर, भाचीची पत्रं झाडाखाली, औषधांचे कागद चिखलात. नाव एकालाही दिलेलं नव्हतं. सगळे आपले 'नवीन फोल्डर', पुढे आकडा. आकड्यांकडे त्यांनी कधी ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

फोटोत मधोमध एक छोटी होडी होती. त्या होडीत बायकोसाठी लिहिलेलं भाषण होतं. श्यामलाबाईंची एकसष्टी आज संध्याकाळी सहाला होती, आणि लग्नापासून जे बोलायचं राहिलं ते दिगंबररावांनी तीन महिने एका बोटाने टाइप केलं होतं.

नवी सिस्टीम घेऊ का, असं कॉम्प्युटर महिनाभर रोज विचारत होता. सरकारी नोकरीतला माणूस रोज 'नंतर' म्हणत होता. आज रविवारी मात्र जेवणानंतरच्या पेंगेत बोट 'आत्ता'वर पडलं.

जाग आली तेव्हा पडद्यावर नुसतं निळं होतं. खडक नाही, झाड नाही, होडी नाही. दिगंबरराव बघत राहिले. धरण भरून सगळं पाण्याखाली गेलं असावं आणि आपण वरून तरंगत चाललो आहोत, असं त्यांना वाटलं. खाली कुठेतरी विजेची बिलं माशांसारखी फिरत होती. पाणी इतकं शांत होतं की घाबरायचंही त्यांच्या लक्षात राहिलं नाही. घड्याळात चार वाजले तेव्हा आठवलं.

वरच्या मजल्यावरचा आमोद हिंजवडीत नोकरीला. सुट्टीच्या दिवशी सोसायटीतले सगळे कॉम्प्युटर त्याच्याच गळ्यात.

"काका, काही गेलेलं नाही. अपग्रेडनंतर त्याने तुम्हाला पाहुणा म्हणून आत घेतलंय. तुमचं खातं शेजारीच आहे."

"माझ्याच घरात मी पाहुणा?"

"चहा विचारला नाही ना? मग पुण्यातलाच कॉम्प्युटर आहे."

त्याने मशीन बंद करून पुन्हा चालू केलं, दिगंबररावांच्या खात्यातून आत शिरला, आणि पानशेत उगवलं. पण एकेचाळीस फोल्डर डाव्या कडेला रेशनच्या रांगेसारखे उभे होते. होडी रिकामी.

"एकेक उघडून बघू या," आमोद म्हणाला.

तेवढ्यात श्यामलाबाई चहा घेऊन आल्या. दिगंबररावांनी पडद्यावर दोन्ही तळहात ठेवले.

"हात काढा, बोटं उमटतात," त्या म्हणाल्या. "आणि होडीतलं शोधत असाल तर सतरा नंबर."

आमोदने चहाचा कप उचलला आणि गॅलरीत जाऊन उभा राहिला.

"तू वाचलंस?"

"रोज दुपारी. तुम्ही घोरायला लागलात की. आणि अहो, पानशेतला आपण गेलो तेव्हा माझी साडी हिरवी नव्हती, जांभळी होती. तेवढं दुरुस्त करा."

"मग आता संध्याकाळी वाचून काय उपयोग?"

श्यामलाबाईंनी पदराने पडद्यावरचे ठसे पुसले.

"वाचलंय. ऐकलं कुठे आहे?"

दिगंबररावांनी सतरा नंबर हळूच ओढला आणि होडीत ठेवला. होडी किंचित हलली, असं त्यांना तरी दिसलं. मग त्यांनी फोल्डर उघडला आणि 'हिरवी' हा शब्द खोडायला घेतला.