चाकणला सांगून ठेवलेलं जेवण

सहलीला गेल्यावर संध्याकाळी जेवायचं कुठे, हा प्रश्न कुणी वीस माणसांत टाकला की मी तिथून उठतो आणि बाहेर जाऊन उभा राहतो. घरच्यांना हा माझा विक्षिप्तपणा वाटतो. सून म्हणते, "बाबा, एवढं चिडण्यासारखं काय आहे त्यात?" तिला मी कधी उत्तर दिलं नाही. ते इथे देतो.

एकोणीसशे पन्नास ते साठच्या मधली गोष्ट. पिंपरी आणि चिंचवड तेव्हा दोन वेगळी गावं होती आणि मध्ये ज्वारी उभी असायची. मी सोलापूरकडून आलेला. चिंचवडात चौघांत एक खोली, आणि कुलपांच्या एका लहानशा कारखान्यात तात्पुरता कामगार. हा 'तात्पुरता' शब्द लक्षात असू द्या. पुढे मी जे केलं ते त्या शब्दापायी केलं, असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगत आलो.

आमच्या पॅकिंग खात्यात तीन बायका होत्या. दोघी तरुण, नुकत्याच लागलेल्या. तिसऱ्या मावशी, पन्नाशीच्या, मूळच्या पिंपरीच्याच. कारखान्याची शेड ज्या जमिनीवर उभी होती ती त्यांच्याच घरची. जमीन गेली आणि घरातल्या एकाला नोकरी मिळाली. घरातल्या पुरुषांना घड्याळाच्या काट्यावरचं काम जमेना, म्हणून मावशी आल्या. कुलपाला दोन किल्ल्या बांधायच्या, कागदात गुंडाळायचं, खोक्यात ठेवायचं. "हितं आमची इहीर व्हती," असं त्या पॅकिंगच्या टेबलाखाली बोट दाखवून सांगायच्या, आणि सांगताना हातातलं कुलूप थांबत नसे.

संक्रांतीनंतरच्या एका रविवारी खात्याची सहल शिवनेरीला न्यायचं ठरलं आणि सुपरवायझरनं मला सेक्रेटरी केलं. सेक्रेटरी म्हणजे हमाल, हे मला नंतर कळलं. दुपारची शिदोरी तिन्ही बायकांनी करायची, हे न विचारताच ठरलं होतं. सहल म्हटली की बायकांनी दशम्या करायच्या आणि पुरुषांनी लॉरीत जागा पकडायच्या.

मावशींनी मला बाजूला घेतलं. "दुपारचं करते मी," त्या म्हणाल्या, "पर सांच्याला चुलीला हात लावनार न्हाई. सांच्याला हाटेलात जायाचं. टेबलापाशी बसायचं. कुनीतरी वाढायचं अन् मी उठायचं न्हाई."

मी हसलो. त्या हसत नव्हत्या.

"लगीन झाल्यापास्नं आयतं ताट पुढं आलं न्हाई माज्या. कुनाचं लगीन असलं तरी मी चुलीमागंच. बाळंतपनात बी पाचव्या दिशी तव्यापाशी बसले. येकदा बसायचंय मला. करशील येवढं?"

"करतो," मी म्हणालो. आणि खरंच केलं, हे मुद्दाम सांगतो. आदल्या रविवारी सायकल मारत चाकणला गेलो. मोटार स्टँडसमोर एक हॉटेल होतं. पत्र्याचं छप्पर, सहा टेबलं, भिंतीवर आरसा. मालक चाळिशीचा, बोलायला मोकळा. वीस माणसांचं जेवण त्याला सांगून ठेवलं. पुऱ्या, बटाट्याची भाजी, वरण-भात.

"बाईमाणसं हायेत का?" त्यानं विचारलं.

"तीन आहेत."

"मग शिरा करतो. आरशाखालचं टेबल त्यांना ठेवतो."

हे मी सोमवारी मावशींना सांगितलं. त्या आठवड्यात त्यांनी मला दोनदा विचारलं, शिरा रव्याचाच ना, आणि साखरेचा का गुळाचा. मी दोन्ही वेळा साखरेचा म्हणून सांगितलं, मला काहीएक माहीत नसताना.

सहल झाली. शिवनेरीबद्दल काही लिहीत नाही, किल्ला जागेवर होता. परतताना दिवस मावळायला चाकण आलं. लॉरी स्टँडवर थांबली. तिला पहाटे कांद्याचं भाडं होतं, म्हणून ड्रायव्हर पहिल्यापासून घाई करत होता. मावशी सगळ्यांच्या आधी उतरल्या. दिवसभर गड चढून-उतरून पाय सुजले होते, पण त्यांनी नळावर तोंड धुतलं, पदर नीट केला आणि हॉटेलच्या दाराकडे बघत उभ्या राहिल्या. आतून पुऱ्या तळल्याचा वास येत होता.

आणि सुपरवायझर दारातच थांबला. तो पुण्याचा. दिवसभर पुढच्या सीटवर बसून आलेला, अंगावर धुळीचा कण नाही. त्यानं मालकाला विचारलं, "आचारी कोण तुमच्याकडे?"

"मी अन् माझी बायको."

"तुम्ही कोण?"

मालकाला प्रश्न कळला. असली शिवाशिव गुन्हा ठरवणारा कायदा होता आणि आमच्या सुपरवायझरला तो ठाऊक होता. जेवणाच्या सुट्टीत तोच मोठ्यानं पेपर वाचून दाखवायचा. मालकानं शांतपणे आपली जात सांगितली. ती मी इथे लिहिणार नाही. लिहिली तर वाचणाऱ्यांपैकी निम्मे मनात लगेच म्हणतील, "अच्छा, म्हणजे तसं होतं तर." नाही. कसंच नव्हतं. त्याच्या पुऱ्या फुगल्या होत्या, एवढंच होतं.

सुपरवायझर मला म्हणाला, "काय हो सेक्रेटरी, चौकशी न करता ठरवता होय?" आणि चालायला लागला. बाकीचे सगळे मुकाट त्याच्यामागे. नको म्हणायलासुद्धा कुणी थांबलं नाही. मालक दारात उभा, हातात झारा तसाच. मी त्याच्याकडे न बघता निघालो. निदान तोंडानं नाही म्हणायला हवं होतं. माझ्याच शब्दावर त्यानं वीस माणसांचं रांधलं होतं.

मग सुरू झाली ती निवड. देवळामागे एक काकू घरगुती खानावळ चालवायच्या. सुपरवायझरला ती पसंत, पण काकू म्हणाल्या, एका वेळी आठ पानं, आणि तीही सकाळी सांगितलं असतं तर. वेशीजवळ मटणाची खानावळ होती. आमचा फिटर मराठवाड्याचा, धिप्पाड. तो म्हणाला, "रविवार आहे राव, तिथंच जाऊ." सुपरवायझर म्हणाला, "जा ना, अवश्य जा. मी बाहेर पायरीवर बसतो." असं म्हटल्यावर कोण जाणार? माणसाला पायरीवर बसवून आत हाडं चोखायची म्हणजे सोमवारी हजेरीच्या वेळी त्याच्यासमोर उभं राहायचं. मशीनवर फोरमनशी भांडणारा तो फिटर जमिनीकडे बघत उभा राहिला. एक माळकरी होते, त्यांना तर ती गल्लीसुद्धा नको होती.

रस्त्याच्या मधोमध वीस माणसं उभी आणि प्रत्येकाला कुठे जेवायचं नाही ते पक्कं माहीत. कुठे जेवायचं ते कुणालाच सांगता येत नव्हतं. मला इतका संताप आला होता की कान गरम झाले होते. मावशी जरा लांब, एका दुकानाच्या फळीला टेकून उभ्या होत्या. फक्त माझ्याकडे बघत होत्या, कारण शब्द मी दिला होता.

मी काय बोलायला हवं होतं ते मला तेव्हाही माहीत होतं. 'ज्यांना यायचं त्यांनी स्टँडवर चला, मी चाललो.' एवढं एक वाक्य. फिटर आला असता. त्या दोघी पोरी आल्या असत्या. पण माझा कायम होण्याचा कागद सुपरवायझरच्या खणात पडून होता, आणि त्याच वेळी तो माझ्याकडे वळून म्हणाला, "मग? काय करायचं सेक्रेटरी?"

मी म्हणालो, "मावशींच्या हातचं पिठलं-भाकरी काय वाईट आहे?"

वीस माणसांत एकदम जीव आला. "वा! हे आधीच का नाही सुचलं!" कुणीतरी माझ्या पाठीवर थाप मारली. त्याच फळीच्या दुकानातून पीठ, बेसन, मिरच्या, तेल घेतलं. दुकानदारानं घरातून परात, तवा आणि पातेलं दिलं. मावशींनी परात उचलून कडेवर घेतली. जाताना फक्त एवढं म्हणाल्या, "त्या हाटेलवाल्याला सांगून ये बाबा, आमी येत न्हाई म्हनून. मानूस वाट बघत बसंल."

मी 'हो' म्हणालो. गेलो नाही.

गावाबाहेरच्या देवळाच्या ओवरीसमोर तीन दगडांची चूल मांडली. एक पोर पीठ मळत होती, दुसरी पिठल्याकडे बघत होती, मावशी भाकऱ्या थापत होत्या. पुरुष ओवरीत पत्त्यांचा डाव मांडून बसले. आणि ज्याच्यामुळे हे सगळं झालं त्या सुपरवायझरनं काय खाल्लं असेल? केळी. दूध आणि केळी. मावशींच्या हातचंही त्याला चालत नव्हतंच. त्याला जेवायचंच नव्हतं कुठे. आमचं जेवण तेवढं मोडायचं होतं.

पंगत बसली. वाढायला मी होतो. गरम भाकरी, पिठलं, फोडलेला कांदा. लोक जेवले, आणि काय जेवले! चार-चार, पाच-पाच भाकऱ्या. "मावशी, हॉटेलात असलं मिळालं असतं का?" असं माळकरी म्हणाले, तोंड भरलेलं असताना. मावशी धुरात डोळे पुसत पुढची भाकरी थापत होत्या. मग त्या दोघी पोरी बसल्या आणि त्यांच्या शेजारी मी. मला कडकडून भूक लागली होती. मी चार खाल्ल्या. पाचवी टोपलीत दिसली, ती उचलून घेतली.

तेवढ्यात मावशी उठल्या. हात धुतले, पदर नीट केला, अगदी स्टँडवरच्या नळापाशी केला होता तसाच. ओवरीत आल्या, भिंतीला पाठ टेकून मांडी घालून बसल्या आणि स्वतःपुढे एक पत्रावळ ठेवली.

"वाढ," त्या मला म्हणाल्या.

मी टोपलीवरचं फडकं उचललं. खाली काही नव्हतं. परातीत पीठ नव्हतं. पातेल्याला पिठल्याची खरवड होती. शेवटची भाकरी माझ्या पत्रावळीवर, अर्धी खाल्लेली.

"आलो," म्हणालो आणि पळत सुटलो. कुणाला सांगितलं नाही. देवळापासून स्टँडपर्यंत धावत गेलो. हॉटेल उघडं होतं. टेबलांवर कुणी नव्हतं. पुऱ्यांची टोपली तशीच भरलेली, भाताच्या पातेल्यावर झाकण. मालक आणि त्याची बायको मागच्या बाजूला बसले होते. आरशाखालच्या टेबलावर तीन ताटं मांडलेली होती, पालथी.

"एक ताट द्या," मी म्हणालो. "बांधून द्या. त्या बाई उपाशी आहेत."

तो उठला. चिडला असता तर मला सोपं गेलं असतं. "बांधून न्हाई देत," तो म्हणाला. "माझ्या हातचं चोरून खायला न्यायचं न्हाई. त्यांना घेऊन या. हितं बसवा. मी वाढतो. पैसे नका देऊ."

"आणतो," मी म्हणालो. ह्या माणसालाही मी शब्द दिला, दुसऱ्यांदा.

परत धावलो. देवळापाशी लॉरी सुरू होऊन उभी होती आणि ड्रायव्हर हॉर्नवर हॉर्न मारत होता. सगळे चढले होते. मावशीही मागे, फळीला धरून बसलेल्या. सुपरवायझर पुढच्या खिडकीतून डोकं काढून म्हणाला, "कुठे होता हो सेक्रेटरी? तुमच्या एकट्यासाठी सगळ्यांनी थांबायचं?"

लॉरी त्याच रस्त्यानं, त्याच हॉटेलवरून जाणार होती. दहा मिनिटं थांबवा, एवढंच म्हणायचं होतं. ड्रायव्हरनं शिव्या दिल्या असत्या, सुपरवायझरनं डोळे वटारले असते, आणि मावशी आरशाखाली बसून जेवल्या असत्या.

मी लॉरीत चढलो.

स्टँडवरून गेलो तेव्हा मी उलट्या बाजूला तोंड करून बसलो होतो. हॉटेलचा उजेड माझ्या हातांवरून सरकत गेला, तेवढा दिसला. मोशीच्या अलीकडे मावशींनी विचारलं, "हाटेलवाल्याकडं गेल्तास ना? काय म्हनला?"

"बंद झालं होतं," मी म्हणालो. "सगळं संपलं त्याचं."

मावशींनी सुस्कारा सोडला. खरोखर बरं वाटलेल्या माणसाचा सुस्कारा होता तो.

"खपलं म्हन की," त्या म्हणाल्या. "बरं झालं बाबा. येवढं रांधायचं अन् कुनी खायाचं न्हाई, लई वंगाळ वाटतं जिवाला."

पुढच्या महिन्यात मी कायम झालो.