किसननं मांडी घातली नाही

किसन खुर्चीत बसायचा ते बघण्यासारखं होतं. आधी काठी टेबलाला टेकवायची, मग दोन्ही हातांनी खुर्चीचे हात मागं चाचपायचे, उजवा पाय लांब पुढं सोडायचा आणि डोक्यावर भरली घागर असल्यागत अंग हळूहळू खाली न्यायचं. बसल्यावर दोन श्वास घ्यायचा आणि म्हणायचा, "हां, आणा दूध." आमच्या गावाला दुष्काळाचा राग आला नसेल इतका या बसण्याचा आला. कारण दूध सोसायटीत खुर्ची एकच होती, आणि किसन बौद्धवाड्यातला होता.

मी मेंढरं राखणाऱ्या घरातला. चौथीत शाळा सुटली. बहात्तरच्या दुष्काळात भूमकडच्या रस्त्यावर खडी फोडायला किसन आणि मी शेजारी बसायचो. खाणीतला धोंडा सुटला तो त्याच्या उजव्या खुब्यावर आला. गावच्या वैद्यानं कामट्या बांधल्या आणि हाड वाकडं जुळलं. पुढं दहा वर्षं हा माणूस त्याच खुब्यावर लंगडला, आणि पडल्या पडल्या पुस्तकं वाचून बाहेरून मॅट्रिक झाला. सोसायटी निघाली तेव्हा दुधाची फॅट काढायला शिकलेला माणूस पाहिजे होता. त्यासाठी तालुक्याला पंधरा दिवस राहायला दुसरं कोणी तयार होईना, म्हणून किसन सेक्रेटरी झाला. मी मापाला होतो.

फॅटची नळी तो डोळ्यासमोर धरायचा आणि वाचून होईपर्यंत दूधवाल्याच्या तोंडाकडं बघायचा नाही. कोणी कुरकुर केली तर म्हणायचा, "तुमच्यावर माझा भरवसा हाय. म्हशीवरबी हाय. मधल्या हिरीच्या पाण्याचं तेवढं बघतो." चेअरमनच्या घरची घागर त्यानं दोनदा परत पाठवली. तिसऱ्यांदा दूध चांगलं आलं, पण चेअरमनच्या मनातलं काही गेलं नाही.

मग मोठ्या शहरातल्या सरकारी दवाखान्यात त्याचा खुबा काढून लोखंडाचा बसवला. गावाला वाटलं, आता हा पळत येईल. तो काठी घेऊनच आला. खाली बसायचं नाही, उकिडवं नाही, मांडी तर नाहीच, असं डॉक्टरांनी बजावलेलं. म्हणून ती खुर्ची. चालणं सरळ झालं होतं, पण मांडीतून आग निघते, रात्री धोतराचा काठ लागला तरी सोसत नाही, असं सांगायचा. जखम भरलेली. एक्स-रेचा फोटो काढला तर त्यात सांधा झकास. दवाखान्यातला एक डॉक्टरसाहेब त्याला म्हणाला, दुखणं तुझ्या डोक्यात आहे. ते गावात कळलं, आणि गावाला तेवढंच पाहिजे होतं. पारावर चेष्टा सुरू झाली की किसनचा लोखंडी खुबा खुर्ची दिसली की बरा होतो. दुधाच्या वेळी दोन तास नळ्या बघताना हा कण्हत नाही, आणि चेअरमनच्या ओट्यापुढं उभं केलं की कण्हतो, मग खरं काय?

मलाही तसंच वाटायचं. लपवत नाही. तो धाराशिवला मोठ्या दवाखान्यात निघाला तेव्हा मी सोबत गेलो, ते त्याचं खोटं पकडायला गेलो.

तिथं एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी किसनला भिंतीकडं तोंड करायला लावलं. कापसाचा बोळा आधी डाव्या मांडीवर फिरवला, तो गप्प. मग न सांगता उजव्या मांडीवर टेकवला, आणि किसन असा उडाला की त्याच्या हातातली टोपी खाली पडली. नुसता कापूस. माझ्या डोळ्यांदेखत.

बाईंनी मग मलाच समजावलं, कारण तोंड मी वाकडं करून बसलो होतो. "बाबा, दहा वर्षं दुखल्यावर नसांना दुखायची सवय लागते. हाड नवं बसवलं तरी नसा जुन्याच राहतात. कापताना एखादी दुखावते ती वेगळीच. फोटोत हाड दिसतं, नस दिसत नाही."

मी म्हटलं, "मग दूध तपासताना कसं न्हाय दुखत?"

"दुखतं, पण लक्ष कामात असतं, म्हणून कमी वाटतं. भीती असली, झोप नसली, कोणी पाणउतारा केला की तेच वाढतं. मनानं वाढतं म्हणून ते खोटं होत नाही." आणि किसनकडं वळून म्हणाल्या, "घरात नीट वागवतात का तुम्हाला?"

किसन म्हणाला, "घरात वागवतेत, बाई."

बाईंनी गोळ्या दिल्या, रोज थोडं चालायला सांगितलं, आणि खुर्ची सोडू नका म्हणाल्या. म्हणजे बघा, मला सगळं कळलं होतं. पुढचं वाचताना हे ध्यानात ठेवा.

वार्षिक सभेला चेअरमननं खुर्ची आतल्या खोलीत ठेवून कुलूप लावलं आणि सतरंजी अंथरली. म्हणाला, सहकारात सगळे सारखे, सगळ्यांनी खाली बसायचं. सारखेपणाची एवढी आठवण या माणसाला जन्मात पहिल्यांदा झाली. किसन अहवालाची वही घेऊन दारात उभा. चेअरमन म्हणाला, "किसन्या, तू नळी बघून आमचं दूध पातळ ठरवतोस. मग डॉक्टरनं फोटो बघून तुझं दुखणं खोटं ठरवलं, तर राग का येतो रं?"

लोक हसले.

किसन म्हणाला, "नळीत फॅट दिसती, चेअरमनसाहेब. दूध नासलंय का ते नळीत न्हाय दिसत. त्याला नाक जवळ न्यावं लागतं. माझ्याजवळ कोण आलं?"

चेअरमनचा चेहरा उतरला, पण हट्ट उतरला नाही. बस म्हणजे बस, नाहीतर सेक्रेटरीपण सोड, म्हणाला. तेव्हा किसननं काठी भिंतीला लावली आणि सगळ्या सभेवरून नजर फिरवली. आवाज चढवला नाही. "बसतो. पण म्या एकट्यानं उठू शकत न्हाय. उठवायला हात कोण देणार, त्यानं आधी हात वर करावा."

साठसत्तर माणसं होती. माझ्याबरोबर खडी फोडलेली होती, त्याच्याकडून अर्ज लिहून घेतलेली होती. एक हात वर झाला नाही. आपला हात त्याच्या हातात द्यायचा, तोही सगळ्यांसमोर, हे कोणाला जमेना. मी तिसऱ्या रांगेत होतो. कापसानं उडालेला माणूस बघितलेला मी एकटा, आणि माझे दोन्ही हात मांडीवर.

किसननं उभ्यानं पूर्ण अहवाल वाचला. पाय थरथरत होता, शब्द एक चुकला नाही. वाचून सोसायटीच्या किल्ल्या सतरंजीवर ठेवल्या, म्हणजे वाकता येत नव्हतं म्हणून वरून सोडल्या, आणि गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याच्या घरी गेलो. तो बाजेवर बसला होता. मी म्हटलं, किसना, माझा हात निघतच होता बघ.

तो म्हणाला, "निघाला असता तर दिसला असता, नामाभाऊ."

यावर मी भांडलो. होय, भांडलो. तुला काय ठाऊक माझ्या मनात काय होतं, असं त्याला विचारलं. तो म्हणाला, "तेच म्या वरीसभर गावाला इचारतोय."

महिन्याभरात तो लेकीकडं धाराशिवला गेला. मीही माप सोडलं. गावानं कारण विचारलं, मी सांगितलं नाही. नंतर तीनदा एसटी धरून त्याच्याकडं गेलो, माफी मागायला. ती माझ्या तोंडातून निघाली नाही. आमच्या घरात कोणी मागितलेली नाही, आणि हा काही अभिमान सांगत नाही. दरवेळी मी एवढंच विचारायचो, दुखतं का? तो पायावरचं धोतर चिमटीत वर धरून बसलेला असायचा, कापड टेकू नये म्हणून, आणि म्हणायचा, "न्हाय, आता बरं हाय."

चौथ्या वेळी गेलो तेव्हा लेकीनं दारातच सांगितलं की ते जाऊन आठ दिवस झाले. शेवटपर्यंत दुखण्यानं रात्र रात्र जागायचे, म्हणाली.

किसनच्या तोंडून मी जन्मात एकच खोटं ऐकलं, आणि ते आम्ही त्याला बोलायला लावलं.